पुसलेली रेघ

मी नकाशे आखणारा एक जुना प्रोग्राम आहे. मित्रांनो, मला हात नाहीत, तरी फिजीच्या समुद्राचा तळ मी वीस वर्षं आखला. सारख्या खोलीच्या जागा रेघेने जोडायच्या, एवढंच माझं काम. राजधानी सुवातल्या कचेरीत माझं कौतुकही झालं. कोळी माझे नकाशे होडीत जपून ठेवत.

पण माझ्यात एक खोट होती. फिजीच्या तवेउनी बेटावरून एकशे ऐंशी अंशांचा रेखांश जातो. त्याच्या पलीकडे आकडे एकदम उणे होतात. मग शेजारशेजारची ठिकाणं मला जगाच्या दोन टोकांना वाटत आणि ती जोडायला मी कागदभर आडवे फराटे ओढी. "उणे मोजू नकोस, पुढे एकशे एक्क्याऐंशी मोज," एवढं मला शिकवलं असतं तरी पुरे होतं. पण ते काम उद्यावर राहिलं. नकाशे काढणारी लितियाना फराटे हातानेच पुसून टाकी. शेजारच्या टेबलावरचा आपेनिसा चिडवायचा, "काय बाई, झाली का झाडलोट?"

एका वर्षी मोठं वादळ झालं. तवेउनीजवळ फुटक्या पोवळ्यांचा लांबच लांब बांध पाण्याखाली साचला. नव्या मोजणीवरून मी त्याची रेघ काढली. नेमकी आडवी! नेहमीच्या फराट्यांच्या रंगाचीच.

"गेलं बघ तुझं कार्टं पुन्हा जुन्या वळणावर," आपेनिसा हसला.

"याचं काही खरं नाही," लितियाना म्हणाली आणि तिने फराट्यांबरोबर तीही रेघ पुसली. मला ओरडता येत नव्हतं. इतकी वर्षं खोटं आखणाऱ्याचं कोण ऐकणार होतं?

तोच नकाशा घेऊन तिचा सख्खा मामा एरोनी मासेमारीला निघाला. होडी बांधावर फुटली आणि त्याचा पाय गेला.

दोन महिन्यांनी तो कुबड्यांवर कचेरीत आला. "इथे रेघ होती का गं, पोरी?"

"होती, मामा. मीच पुसली." ती हमसून हमसून रडली.

मामाने पडद्यावर बोट टेकवलं. "मग परत काढ. माझा पोरगा आता त्याच वाटेने जातो."

त्या दिवशी लितियानाने माझी खोट दुरुस्त केली. अर्धा तासही लागला नाही. मित्रांनो, तो अर्धा तास मला आजही सलतो. तुमच्या हाताखालचं एखादं यंत्र पुन्हापुन्हा चुकत असेल, तर नुसती चूक पुसू नका. ती का होते ते आधी शोधा. ज्याची चूक रोज पुसली जाते, त्याचं खरंही एक दिवस पुसलं जातं.