शहाण्णव अखंड हेडबोर्ड

हॉटेलात त्याला सगळे ‘टेप’ म्हणत. एक वेळ खिशात पेन नसेल, पण कंबरेला मोजपट्टी असायचीच. खरेदी खात्याचा तो प्रमुख होता. खात्यात एकटाच असल्यामुळे प्रमुखही तोच आणि शिपाईही तोच. नव्या हॉटेलच्या शहाण्णव खोल्यांचं फर्निचर समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातून खास बनवून आणायचं, हे काम मालकांनी त्याच्यावर टाकलं होतं आणि त्याने ते डोळ्यांत तेल घालून केलं. दोनदा तिकडे जाऊन आला. नमुन्याच्या खुर्चीवर बसला, मागे रेलला, मग ती उलटी करून तळ तपासला आणि पसंत पडली तेव्हा तळाला स्वतःची सही केली. उद्या भलतीच खुर्ची पाठवून कोणी टोपी घालायला नको. टेबलाचे खण दोन मिलिमीटरने अडकतात म्हणून त्याने अख्खी खेप थांबवली होती. तिकडच्या लोकांनी कपाळाला हात लावला, पण खण पुन्हा बनवून दिले.

असा हा माणूस. आणि माशी शिंकली ती हेडबोर्डपाशी.

हेडबोर्ड म्हणजे पलंगाच्या उशाशी भिंतीला टेकून उभा राहणारा फळा. इथला फळा जवळजवळ भिंतभर होता. पावणेतीन मीटर लांब, कापडाने मढवलेला, उचलताना दोन धडधाकट माणसांना घाम फुटेल इतका जड. पहिल्या आराखड्यात तो दोन तुकड्यांत होता. डिझायनरबाईंना मधली फट खुपली. कारखान्याने ईमेलवर विचारलं, एका तुकड्यात करून देतो, पण तुमच्या सामानाच्या लिफ्टमध्ये मावेल ना? टेप तेव्हा विमानतळावर होता. त्याने मोबाइलवर इमारतीचा नकाशा उघडला, लिफ्टच्या शेजारी तीन मीटरचा आकडा दिसला, ‘मावेल’ असं कळवलं आणि विमानात चढला.

तो आकडा मजल्याच्या उंचीचा होता. लिफ्टची पेटी आतून जेमतेम सव्वादोन मीटर. खुर्चीचा तळसुद्धा न सोडणाऱ्या या पठ्ठ्याने स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट मोजली नाही. परक्याच्या मालावर संशय घ्यायची सवय लागली की घरच्या कागदावर माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो. या धंद्यातली शहाणी माणसं अशीच फसतात.

माल आला तेव्हा उद्घाटनाला नऊ दिवस उरले होते. उतरवण्याचं आणि बसवण्याचं काम भावोजींकडे होतं. भावोजी म्हणजे टेपच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, हाताखाली सहा माणसं. हे काम टेपनेच त्यांना मिळवून दिलं होतं आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

पहिला हेडबोर्ड लिफ्टशी नेला. सरळ घातला, मावेना. तिरका केला, मावेना. भावोजींनी डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं.

“मेहुणे, टोपीपेक्षा डोकं मोठं झालंय.”

माणसं हसली. टेपने मोजपट्टी काढून लिफ्ट मोजली. आता मोजून काय उपयोग, पण मोजली.

हॉटेलचा सुतार तिथेच होता. तो म्हणाला, “मधोमध कापतो, साहेब. वर नेऊन मागून पट्टी मारायची, कापड ओढून घ्यायचं. एकाला अर्धा तास.”

“बरं बोलतोय,” भावोजी म्हणाले. “कापूया.”

कापायचं म्हणजे डिझायनरबाईंना विचारायचं. त्या मालकांना सांगणार, मालक विचारणार की लिफ्ट कोणी पाहिली होती, आणि मग तो ईमेल निघणार. दोन मिलिमीटरसाठी लोकांना उभं-आडवं घेणारा टेप अर्ध्या मीटरने चुकला, हे हॉटेलभर होणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने स्वतःला समजावलं.

“कापायचा नाही,” तो म्हणाला. “अखंड मागवलाय तो अखंडच बसला पाहिजे. जिन्याने न्या.”

“सात मजले?”

“सात.”

भावोजींनी त्याला खांबाआड घेतलं. हलक्या आवाजात विचारलं, “मोजायचं राहिलं का?”

“नाही हो. लिफ्टवाल्यांनीच पेटी लहान बसवली.”

भावोजींनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. सव्वीस वर्षं ते त्याला ओळखत होते. “बरं,” ते म्हणाले, “नेतो.” आणि माणसांकडे वळून ओरडले, “चला रे! जेवलेलं जिरवायचंय आज!”

दोन दिवसांत चाळीस वर गेले. सामानाचा जिना अरुंद होता, प्रत्येक वळणावर फळा उभा करावा लागे, वरच्याने ओढायचा आणि खालच्याने तोलायचा. खालचं टोक भावोजी कोणाला देत नसत. जास्त भार तिथेच येतो, म्हणत.

तिसऱ्या दिवशी दुपारी टेप तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत कपाटाची दारं सरळ लागतात का ते बघत होता. आधी वरच्या माणसाची हाक ऐकू आली, मग घसरत येणाऱ्या लाकडाचा आवाज, मग काहीच नाही. तो धावत वर गेला. पाचव्या आणि सहाव्या मजल्यांच्या मधल्या वळणावर भावोजी कठड्याला पाठ लागून बसले होते आणि एक्केचाळिसावा हेडबोर्ड त्यांच्या छातीवर रेलला होता. माणसांनी तो बाजूला केला. भावोजी शुद्धीवर होते.

“पाय कुठायत माझे?” त्यांनी विचारलं.

पाय समोरच होते.

कंबरेखालचं आता काही परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी चौथ्या दिवशी सांगितलं. तोवर हॉटेलात सगळं मार्गी लागलं होतं. मॅनेजरने सुताराला विचारलं, सुताराने एका मिनिटात उपाय सांगितला, आणि उरलेले छप्पन्न दोन दिवसांत कापून वर गेले. डिझायनरबाईंनी सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “ही रेघ उलट छान दिसते. सगळ्यांनाच करा.” मग जिन्याने नेलेले चाळीससुद्धा खोल्यांत उभ्या-उभ्या कापले.

अपघाताचा अहवाल लिहायचा होता. माल ज्याच्या खात्याचा त्याने लिहायचा, अशी हॉटेलची पद्धत. टेपने लिहिलं, ‘वजन वाहताना पाय घसरला.’ शब्दागणिक खरं होतं आणि सगळं मिळून निव्वळ खोटं. ईमेलबद्दल कोणी विचारलंच नाही. ज्या नाकासाठी एवढं केलं, त्या नाकाकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

भावोजी घरी आले. टेप दर रविवारी सकाळी जायचा, फळं ठेवायचा, दहा मिनिटं भिंतीकडे बघायचा आणि उठायचा. ताई चहा द्यायची. अपघाताचं नाव काढायची नाही. तिच्या त्या गप्प बसण्याने तो आतून पोखरला जात होता. आरडाओरडा केला असता तर झेलला असता. शेवटी एका रविवारी त्याला राहवेना. भावोजी डोळे मिटून पडले होते. ताई पायथ्याशी बसून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती.

“ताई,” तो म्हणाला, “भावोजी कापूया म्हणाले होते. मी नको म्हटलं. लिफ्ट मोजायची मीच विसरलो होतो. माझी चूक बाहेर येऊ नये म्हणून जिन्याने न्यायला लावलं.”

ताईचे हात थांबले नाहीत. “माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्याच संध्याकाळी. हे घरी आले ते खांदे सोलवटून. मी म्हटलं, एवढं मरायला कोणी सांगितलंय? तर म्हणाले, तुझा भाऊ चुकलाय, पण कबूल करायला लाजतोय. सांभाळून घ्यायला नको का?”

टेपला रडू फुटलं. मोठा माणूस, पण हुंदके आवरेनात. “मला शिव्या दे, ताई. पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस म्हण.”

“म्हणणार होते.” तिने घडी मांडीवर दाबली. “दवाखान्यातच. शब्दसुद्धा ठरवून ठेवले होते. मग डॉक्टर म्हणाले, यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठ सडेल. माझ्या एकटीच्यानं होत नाही रे. शेजारचे चार दिवस आले. आता मी दार वाजवलं की आत टीव्ही बंद होतो. तुला हाकलून द्यायचं तर उरतं कोण? तुझ्यावर रागवायचीसुद्धा सोय नाही राहिली मला.”

तो बाहीने डोळे पुसू लागला.

“रविवारी येऊन रडायचं बंद कर. रोज ये. कामावर जायच्या आधी ये, सुटल्यावर ये, सुट्टीला दिवसभर थांब. मधल्या वेळचं मी कसंबसं रेटीन. आणि माफी मागू नकोस, मी ती देणार नाही. फक्त येत जा.” ती उठली, पदर खोचला. “चल, झाले दोन तास. मी खांद्याकडून धरते, तू कंबरेकडून.”

त्याने हात पुसले आणि भावोजींच्या कंबरेखाली घातले. आठवत होतं त्याच्यापेक्षा शरीर हलकं झालं होतं, आणि तरी उचलवत नव्हतं. ताईने आकडे मोजले, तिनावर दोघांनी मिळून वळवलं. भावोजींचं तोंड त्याच्याकडे आलं. डोळे मिटलेलेच होते, पण झोपलेला माणूस इतके घट्ट मिटत नाही.

“पाठीला उशी लाव,” ताई म्हणाली. “आणि आज जेवायला थांब. एक वाजता परत वळवायचंय.”