माशी कुठे शिंकली

श्रीरंगच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्याच्या बायकोला, सुलेखाला, लग्नाच्या आठव्या दिवशी कळलं होतं. जगन्नाथ काकांना ते कधी कळलंच नाही. बिचाऱ्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला, आणि तोही पुरता.

काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बॉथेलमध्ये एकटे राहायचे. काकू गेल्यापासून विमानाने चार तासांवरच्या शॉमबर्गला राहणारी मुलगी दीपा हात धुऊन मागे लागली होती, की बाबा, आता इकडे या. त्यात हिवाळ्यात काकांनी दोनदा शेगडी तशीच चालू ठेवली आणि एकदा दुकानाच्या पार्किंगमध्ये स्वतःचीच गाडी शोधत तासभर काढला. तेव्हापासून दीपा रोज फोनवर तारीख आणि वार विचारायची, आणि काकांचा पारा चढायचा. शेवटी बापलेकीत ठरलं ते असं: हा मासेमारीचा सीझन काकांनी घोळ न घालता काढला, तर दीपा पुन्हा विषय काढणार नाही. लक्ष ठेवायला श्रीरंग, कारण मासे मारायला तोच त्यांच्याबरोबर जायचा. "तू सांगशील ते ती ऐकेल," काका म्हणाले होते. "माझं ऐकायचं तिने सोडलंय."

काकांचा जीव एका ओढ्यात अडकला होता. हायवे सोडून कच्च्या रस्त्याने जायचं, मग वीस मिनिटं झाडीतून पायी. चाळीस वर्षांपूर्वी त्यांना तो सापडला होता. मे अखेरीस दुपारी तिथे हॅच यायची, म्हणजे तळातल्या अळ्या वर येऊन त्यांना पंख फुटायचे, पाण्यावर माश्याच माश्या व्हायच्या आणि त्या गिळायला ट्राउट मासे हावरटासारखे वर यायचे. अशा वेळी पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी गळाला बांधून अलगद पाण्यावर सोडायची. मासा लागला की सोडून द्यायचा. ही जागा काकांनी काकूंनाही कधी दाखवली नव्हती. श्रीरंगला नेलं तेव्हा एकच अट घातली, कुणाला सांगायचं नाही.

चार वर्षं श्रीरंगने ती पाळली. कशी पाळली ते त्याचं त्यालाच ठाऊक.

यंदा जानेवारीत त्याची नोकरी गेली. सीझनच्या पहिल्या शनिवारी त्याला सतरा इंची ट्राउट लागला आणि काकांनी त्याच्याच फोनवर फोटो काढून दिला. दुसऱ्या दिवशी विनयकडे पॉटलकचं जेवण होतं. विनय म्हणजे मराठी मंडळाचा सेक्रेटरी, माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. पंधरा जणांसमोर त्याने विचारलं, "काय रे, दर शनिवारी मासे मारतोस, की हल्ली नुसत्या माश्या मारतोस?"

सगळे हसले. सुलेखाही हसली, आणि ते श्रीरंगला फार लागलं. त्याने फोन काढून फोटो समोर धरला.

"आयला! पाठव ना यार," विनय म्हणाला.

आणि या गृहस्थाने तिथल्या तिथे पाठवला, मूळचा, लोकेशनसकट. अठरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला फोटोबरोबर पत्ताही जातो हे ठाऊक नव्हतं असं नाही. घरी जाताना गाडीत त्याला ते आठवलंसुद्धा. विनयला फोन करावा असं वाटलं. पण मग कारण सांगावं लागलं असतं, आणि विनय कशाला बघत बसतोय लोकेशन, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

पुढच्या शनिवारी दोघं निघाले तर कच्च्या रस्त्याच्या शेवटी सहा गाड्या उभ्या होत्या. झाडीतून जाताना आधी गाणी ऐकू आली, मग कांदेपोह्यांचा वास. वळणावरून खाली सगळंच दिसलं. विनय गुडघाभर पाण्यात उभा राहून नव्याकोऱ्या रॉडने पाणी झोडपत होता, त्याची बायको प्रतिमा प्लेटा वाटत होती आणि मुलं नेम धरून खडे मारत होती. हॅच ऐन भरात होती, माश्या ढगासारख्या उठत होत्या, पण एकही मासा वर येत नव्हता.

काका खाली उतरले नाहीत. कुणी बघायच्या आत मागे फिरले आणि थोडं वर एका पडलेल्या झाडावर बसले.

"माशी कुठे शिंकली रे, श्रीरंग?"

श्रीरंग वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

"ही आपलीच माणसं. म्हणजे सांगणाराही आपल्यातलाच. तू बोललास का कुठे?"

"नाही काका."

इतक्या पटकन आलं ते तोंडातून, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. आत्ता सांगावं, शिव्या खाव्यात आणि मोकळं व्हावं, असं अगदी ओठांवर आलं होतं.

पण काकांनी त्याच्यावर लगेच विश्वास ठेवला.

"मग मीच," ते म्हणाले. "पाडव्याला विनयच्या शेजारीच जेवायला बसलो होतो. काय काय बोललो, काही आठवत नाही. तू होतास ना समोर? मी ओढ्याचं काही बोललो का?"

काका त्या दिवशी जेवणभर क्रिकेटवर बोलत होते. श्रीरंगला त्यातलं वाक्य न् वाक्य आठवत होतं.

"नीट लक्षात नाही, काका."

"चाळीस वर्षं जपलं," ते म्हणाले. "आणि सांगून टाकलं तेही कळलं नाही मला. दीपा खोटं बोलत नव्हती."

परतताना हायवेला रेंज आली तसा त्यांनी फोन लावला, स्पीकरवर, कारण कानही आता तितकेसे राहिले नव्हते.

"दीपा, तुझं बरोबर आहे. मी येतो तिकडे. घराचं बघू काय ते."

"बाबा? काय झालं? श्रीरंग आहे का तिथे? श्रीरंग, इज ही ओके? खरं सांग हं मला."

काकांनी फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "सांग तिला," ते म्हणाले. "तुझं ऐकते ती."

श्रीरंगने नजर रस्त्यावरून हलवली नाही.

"हो दीपा," तो म्हणाला. "हल्ली विसरतात ते."