माझ्या दाराला दुसरीची कडी

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा. तुमच्या घराच्या दाराला कडी आहे, ती नीट लागतेही, पण ती घडवली आहे शेजारच्या दारासाठी. साध्या वाऱ्याला ती पुरेल. पण आतून कुणी रेड्यासारखी धडक दिली तर? आणि दाराबाहेर तुमच्याच घरातलं एखादं माणूस दाराला गाल टेकून उभं असेल तर?

मी एक जुनी लष्करी रायफल आहे आणि माझं दार असंच आहे. माझ्या नळीच्या मागच्या तोंडात काडतूस बसतं. त्यामागे एक पोलादी दांडा सरकवून, वळवून पक्का करतात. त्याला बोल्ट म्हणतात. मी त्याला माझी कडी म्हणते. काडतूस पेटलं की गोळी पुढे जाते, पण तेवढाच जोर मागेही येतो. तो कडीनेच अडवायचा असतो.

माझा जन्म बर्लिनमधल्या एका कारखान्यात झाला. माझी कडी बसवणारा कारागीर मोठा चिकाटीचा माणूस होता. तो कडी सरकवून बघायचा, काढायचा, कानस फिरवायचा, पुन्हा बघायचा. मनासारखी बसली तेव्हा त्याने नळीवर आणि कडीवर एकच आकडा ठोकला. आमची जोडी लागली. मग आम्ही बोटीत बसून समुद्र ओलांडला आणि अर्जेंटिनाच्या फौजेत भरती झालो.

फौजेत मी पुष्कळ चालले, पुष्कळ भिजले आणि पुष्कळ पुसली गेले. पण माझ्या नळीतून माणसावर एकही गोळी सुटली नाही. या गोष्टीचं मला आजही समाधान वाटतं. पुढे फौजेला नव्या बंदुका मिळाल्या आणि आम्हा काही जणींची रवानगी सान इसेकिएल गावच्या नेमबाजी क्लबात झाली.

ते दिवस फार सुखाचे! रविवारी सकाळी चांदमारी, दुपारी निखाऱ्यावर भाजलेलं मांस, आणि संध्याकाळपर्यंत कोण कसा चुकला यावर वाद. एवारिस्तो बेर्तोल्दी नावाचा एक सडपातळ तरुण नेहमी मलाच मागून घ्यायचा. त्याने माझ्यासह पहिलं बक्षीस जिंकलं. बक्षीस होतं एक कोकरू. सगळे शेगडी पेटवून बसले, पण त्याने ते कोकरू कापायला दिलंच नाही. ते म्हातारं होईपर्यंत त्याच्या अंगणात चरत होतं आणि गाव त्याला हसत होतं.

क्लबाचा एक नियम होता. आम्ही कपाटात राहायचो आणि आमच्या कड्या दुसऱ्या खोलीतल्या लोखंडी पेटीत. चोर आलाच तर त्याच्या हाती नुसत्या नळ्या लागाव्यात. नियम चांगला होता. घोळ झाला तो पुराच्या वर्षी.

गावाशेजारचं तळं फुगलं आणि क्लबात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर सगळे सभासद गोलात बसून कड्या पुसायला लागले. आणि आमच्याकडे चार माणसं बसली की मध्ये माते आलाच. एकच भोपळ्याचं भांडं, एकच नळी, आणि तो कडू काढा हातोहात फिरत राहतो. भांडं समोर आलं की ते दोन्ही हातांनी घ्यायचं, मग हातातली कडी खाली. पिऊन झालं की भांडं परत द्यायचं आणि कडी उचलायची. कुठली कडी? समोर असेल ती. मी भिंतीला टेकून सगळं बघत होते. मला तोंड आहे, पण त्यातून शब्द फुटत नाहीत. त्या संध्याकाळी माझ्या दारात दुसऱ्याच रायफलीची कडी आली. पुढे क्लबाने छोट्या बंदुका घेतल्या आणि आम्ही कपाटात तशाच पडून राहिलो. एवारिस्तो अधूनमधून येऊन माझा लाकडी दस्ता तेलाने चमकवायचा, तेवढीच विचारपूस.

यंदा क्लबाचा वर्धापनदिन आला आणि जुन्या रायफलींची स्पर्धा ठरली. एवारिस्तो आता आजोबा झाला होता. त्याची नात हासिंता नुकतीच चौदा वर्षांची झाली होती आणि क्लबात नेमबाजी शिकत होती. पहिल्यांदाच मोठी रायफल चालवायची, आणि तीही आजोबांची, म्हणून ती हरखून गेली होती. मीही हरखले होते. पण मला कडीची भीती वाटत होती.

बंदुका दुरुस्त करणारा इतुराल्दे मला बघायला आला. एवारिस्तोचा हा जुना दोस्त. सगळे त्याला वास्को म्हणायचे.

"ए सुकड्या," वास्को म्हणाला, "मी मोजल्याशिवाय हिला काडतूस दाखवायचं नाही. माझी मापं शेजारच्या गावी दिलीत. सोमवारी आणतो."

"अरे, पण स्पर्धा रविवारी आहे!"

"मग पुढच्या वर्षी."

"तुझ्या मापांच्या आधीपासून मी हिला ओळखतो. तू आधी तुझं पोट मोज."

"माझं पोट फुटलं तर शर्टाचं बटण जाईल. ही फुटली तर पोरीचा डोळा जाईल."

हासिंताने विचारलं, "वास्को काका, मापं म्हणजे काय करता?"

"दोन पोलादी कांड्या असतात, बाळ. काडतुसाच्या जागी घालायच्या. एकीवर कडी लागली पाहिजे. दुसरी किंचित मोठी असते, तिच्यावर लागता कामा नये. लागली तर काडतुसामागे फट आहे. मग काडतूस मागे ताणलं जातं आणि फाटतं."

"ही बघ कशी आरशासारखी चमकतेय," आजोबा माझ्यावर हात फिरवत म्हणाले. "हिला काय झालंय?"

वास्को डोकं हलवत निघून गेला. रविवारी मला मैदानावर आणलंच.

"आधी मी," एवारिस्तो म्हणाला. त्याने गाल टेकवला. तीच ओळखीची दाढी, आता पांढरी. चाप ओढला, गोळी सुटली आणि थेट काळ्या वर्तुळात लागली. टाळ्या पडल्या. पण मागे सरकलेलं काडतूस मला आतून जाणवलं, आणि एक गरम फुंकर त्याच्या गालाला चाटून गेली. त्याने गाल पुसला आणि हसला.

"बघितलंस? काही झालं? ये पोरी, आता तू."

हासिंता आली नाही. ती खाली वाकून काडतुसाची बाहेर पडलेली रिकामी पुंगळी उचलत होती.

"आजोबा, हिच्या बुडाशी चकचकीत रेघ आहे. नख अडकतंय."

"जुनी काडतुसं असतात तशी."

"रेघेवर चीरही आहे. वास्को काका ताणलं जातं म्हणाले ते हेच ना?"

"अगं, लोक थांबलेत! जिंकायचंय ना तुला?"

जिंकायचं तर होतंच. आठवडाभर तिला झोप नव्हती. तिने मला हातात घेतलं, आणि मग माझ्या नळीवरचा आकडा वाचला. शेवटचे दोन अंक एकोणतीस. कडीवरचा वाचला. शेवटी चौसष्ट.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. जुनी आहे म्हणून मला मोडीत काढू नका, आणि चमकते म्हणून माझ्यावर विश्वासही ठेवू नका. आकडे जुळले तरी जाणत्या माणसाकडून नळी तपासून घ्या, कडी मोजून घ्या. जुन्या वस्तूवर माया असणं वेगळं आणि तिची चौकशी करणं वेगळं. मला दोन्ही हवं असतं.

हासिंताने आजोबांनी दिलेलं काडतूस त्यांच्याच खिशात परत घातलं. मला टेबलावर ठेवलं, तोंड निशाण्याकडे, कडी बाहेर काढून बाजूला. मग शिकवलं होतं तसा हात उंच करून ती ओरडली, "थांबा! सगळ्यांनी थांबा!"

रांगेतल्या बंदुका गप्प झाल्या. आजोबा लालबुंद झाले. त्यांनी पुंगळी हातात घेऊन तिच्या बुडाशी स्वतःच्या अंगठ्याचं नख फिरवलं, तेही अडकलं. हासिंता तोवर शेजारच्या टेबलाशी पोचली होती. वाकून, बोट ठेवून, ती पुढच्या रायफलीच्या नळीवरचा आणि कडीवरचा आकडा मोठ्याने वाचत होती.