गिरिजाबाई गाडीत बसल्या

गोपाळराव आणि गिरिजाबाई या जोडप्याची म्हैसूरच्या नातेवाइकांत एक वेगळीच ख्याती होती. दोघं एकाच लग्नाला जायचे, पण गोपाळराव आपल्या गाडीने आणि गिरिजाबाई बसने.

भांडण वगैरे काही नव्हतं. गोपाळरावांची गाडी लहान आणि जुनी. वळण आलं की होडीसारखी एका अंगाला कलायची, आणि गिरिजाबाईंच्या पोटात ढवळायला लागायचं. एकदा नंजनगूडहून परतताना त्यांचे इतके हाल झाले, की घरी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "बेडा, नकोच. तुमची गाडी तुम्हालाच लखलाभ." तेव्हापासून त्या बसमध्ये खिडकीशी बसायच्या. गोपाळराव बसच्या मागोमाग गाडी चालवायचे आणि बस थांबेल तिथे खिडकीतून बायकोला कॉफी द्यायचे. लोक हसायचे, तेही हसायचे. पण शेजारची रिकामी सीट त्यांना सलत असे.

त्यांची मुलगी विशालाक्षी कोइंबतूरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होती. एका रविवारी फोनवर ती म्हणाली, "अप्पा, मागच्या चाकांना स्वे बार बसवा ना! तुमच्या गाडीला मुळात तो नाहीच."

"म्हणजे काय गं?"

"एक वाकवलेली लोखंडी सळई. गाडी एका बाजूला झुकायला लागली की ती पिळली जाते, आणि पिळलेली सळई सरळ व्हायला बघते ना, म्हणून गाडीला फार झुकू देत नाही. मी पाठवते."

आठवड्याभरात पार्सल आलं. आत काळा रंग दिलेली लांब सळई, रबरी बुश, पट्ट्या, नट-बोल्ट आणि दोन बोटभर जाड जोडदांड्या. गोपाळराव आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आलेले. पान्याशी त्यांचा संबंध स्टेपनी बदलण्यापुरता. पण गॅरेजवाल्याकडे जायचं नाही, हे काम आपल्या हातानेच करायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

सकाळी अंगणात त्यांनी गाडीची मागची डावी बाजू जॅकवर उचलली, खाली आधाराला लोखंडी स्टँड लावला आणि आत सरकले. सळई मागच्या ॲक्सलवर पट्ट्यांनी आवळून झाली. डावीकडची जोडदांडी वर गाडीच्या सांगाड्याला जोडून झाली. उजवीकडची मात्र काही केल्या भोकाशी जुळेना. चांगली चार बोटं कमी पडत होती. गोपाळरावांनी ढकलून पाहिलं, ओढून पाहिलं, शेवटी तिला कानडीत दोन शिव्याही घालून पाहिल्या.

"पोरीने चुकीची पाठवली!" ते खालूनच ओरडले.

गिरिजाबाई पायरीवर बसून अवरेच्या शेंगा सोलत होत्या. त्या उठून गाडीच्या मागे आल्या आणि वाकून बघू लागल्या.

"अहो, तिला सुम्मने, उगाच कशाला बोल लावता? हे डावं चाक बघा, लोंबतंय. उजवं जमिनीवर दाबून बसलंय. एक खांदा वर, एक खाली असताना ब्लाउज शिवायला माप घेतलं तर ते जुळेल का?"

मग गोपाळराव धुळीने माखलेलं तोंड बाहेर काढून हसत म्हणाले, "गिरिजा, खरंच की गं! दोन्ही चाकं सारखी हवीत."

पण दोन्ही चाकं जमिनीवर ठेवली तर गाडीखाली शिरायला जागा उरेना. गोपाळरावांच्या आजोबांचा कापड रंगवण्याचा, छापण्याचा धंदा होता. त्यांच्या छपाईच्या टेबलाच्या जाड सागवानी फळ्या अजून माडीवर पडून होत्या. दोघांनी त्या धरून खाली आणल्या, एकावर एक रचल्या, गोपाळरावांनी जॅक काढून गाडी हळूहळू मागे घेत मागची दोन्ही चाकं त्यांवर चढवली आणि पुढच्या चाकांना दगड लावले. आता आत जागा झाली, पण गोपाळरावांच्या पोटाला पुरेशी नाही.

"सरका बाजूला," गिरिजाबाई म्हणाल्या. त्या घरात गेल्या आणि नवऱ्याची जुनी पँट चढवून, डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या. तो अवतार बघून गोपाळरावांना हसू आवरेना.

"हसू नका, पाना द्या."

त्या गाडीखाली शिरल्या. जोडदांडी धरून त्यांनी भोकाशी नेली, आणि ती अशी अलगद बसली की त्यांच्या तोंडून "अय्यो, नोडी नोडी! बघा बघा!" असं निघून गेलं. बोल्ट आत सरकला. त्यांनी नट पिळला, मग जोर लावून आवळला, मग उगाचच आणखी एकदा आवळला.

"साकु, पुरे! तुटेल!" गोपाळराव बाहेरून ओरडले.

जेवण झाल्यावर ते दोघं चामुंडी टेकडीच्या रस्त्याला लागले. गिरिजाबाई आपण होऊन पुढच्या सीटवर बसल्या होत्या. एका हातात प्लास्टिकची पिशवी, दुसऱ्या हाताने दाराचं हँडल घट्ट धरलेलं. पहिलं वळण आलं तसे त्यांनी डोळे मिटले. गाडी वळली. त्यांनी एक डोळा उघडला.

"झालं?"

"झालं."

"मग ती कलली कशी नाही?"

"थोडी कललीच. पूर्वीसारखी नाही."

पुढच्या वळणावर त्यांनी डोळे उघडेच ठेवले. त्याच्या पुढच्यावर हँडल सोडलं. खड्डा आला तेव्हा मात्र मागून जोरात दणका बसला. "हे जरा कडक झालंय हं," त्या म्हणाल्या. पण वर पोचेपर्यंत त्यांनी मैसूरपाकाचा अख्खा तुकडा खाल्ला होता, आणि खाली आल्यावर त्यांनीच नवऱ्याच्या दंडाला धरून सांगितलं, "परत एकदा वर जाऊ या."

पुढल्या शनिवारी सरगूरला गिरिजाबाईंच्या भावाच्या, दत्तोजीरावांच्या घरी पूजा होती. दोघं एकाच गाडीतून गेले. वाटेत गिरिजाबाई इतक्या बोलल्या, की गोपाळरावांचा एच. डी. कोटेचा फाटा चुकला आणि गाडी वळवून परत आणावी लागली. दत्तोजीराव दारातच उभे होते. बहीण गाडीतून उतरलेली पाहून ते आधी घाबरलेच. "काय झालं? बस बंद पडली का?"

"काही झालं नाही, दादा. खाली वाकून बघ. उजवीकडचा तो नट दिसतो ना? तो मी बसवलाय."

दत्तोजीरावांनी पांढरंशुभ्र धोतर सावरत खरंच वाकून पाहिलं. मग घरातली सगळी मंडळी पाळीपाळीने वाकू लागली, आणि पूजेचा मुहूर्त टळतोय म्हणून भटजी आतून हाका मारू लागले.

संध्याकाळी परतायच्या आधी गोपाळरावांनी गाडी कबिनी धरणाच्या पाण्याकडे वळवली. इतक्या वर्षांत ते दोघं तिथे कधी गेलेच नव्हते. बस त्या बाजूला थांबत नसे. काठावरच्या गवतात बसून त्यांनी पूजेच्या प्रसादाचा डबा उघडला. पलीकडच्या तीरावर रानातून हत्ती पाण्यावर उतरत होते.

"आणि हे बघ, गिरिजा," गोपाळराव म्हणाले, "उटीच्या रस्त्याला तर..."

"किती वळणं आहेत?"

"पुष्कळ."

"मग उद्याच निघू," गिरिजाबाई म्हणाल्या, आणि डब्यातला शेवटचा लाडू मोडून त्यांनी अर्धा नवऱ्याच्या हातावर ठेवला.