श्वासबाबांचं तळघर

श्वासबाबांच्या तळघरात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बंद पडलेल्या कोळसा खाणीवर बांधलेली ती इमारत. तळघरातल्या फरशीच्या भेगेतून म्हणे पृथ्वी श्वास सोडायची. भेगेजवळ आडवं झालं की मोठी माणसं गुंगायची. पोरं तर केव्हाच डोळे मिटायची.

"निष्पाप जीव आधी निजतात," उंच ओट्यावरच्या खुर्चीतून श्वासबाबा सांगत. "तुमची पापं जड, म्हणून तुम्हाला वेळ लागतो."

आठवड्यापूर्वी तिथे निजलेली छकुली उठलीच नाही. दम्याची पोर. डॉक्टरांनी दाखल्यावर दमा लिहून हात झटकले. श्वासबाबांनी तिला 'पृथ्वीची लेक' ठरवलं, आणि तिच्या त्या जागेसाठी आया एकमेकींच्या झिंज्या धरू लागल्या.

छकुलीची आत्या कारखान्यांतली वायुगळती शोधण्याचं काम करायची. ती भावाला म्हणाली, "दादा, तिथली हवा मला मोजू दे."

"माझी पोर देवाघरी गेलीय," तो म्हणाला. "तिला तरी सोड."

परवानगी दिली ती श्वासबाबांनीच. "लावू दे यंत्र. आंधळ्या शास्त्रालाही तेज दिसेल."

आत्याने गर्दीला जिन्यावर उभं केलं, भिंतींवर छोटे आरसे बसवले आणि कोपऱ्यातल्या पेटीतून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडला. खाणीतला कार्बन डायऑक्साइड हा प्रकाश शोषतो. किरण जितका क्षीण होऊन परतेल, तितका वायू त्याच्या वाटेत. पण नेमका कुठे, ते एका किरणाने कळत नाही. म्हणून तिने आडवेतिडवे, एकमेकांना छेदणारे असंख्य किरण सोडले, वेगवेगळ्या उंचीवर. सीटी स्कॅन शरीराचं करतात, तसं तिने हवेचं केलं.

पडद्यावर नकाशा उमटला. श्वासबाबांच्या नाकाच्या उंचीवर हवा स्वच्छ. गुडघ्याखाली लाल डाग, आणि सगळ्यात गडद लाल तिथे, जिथे छकुली निजली होती.

जिन्यावरच्या बायकांनी हात जोडले. "तेज दिसलं," एक पुटपुटली.

"बघा," श्वासबाबा म्हणाले, "मी सांगत नव्हतो?"

आत्याने मेणबत्ती पेटवली. ओट्यावर ती नीट जळली. दोरीने छकुलीच्या जागी खाली सोडताच विझली. "हा वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो," ती म्हणाली. "पोरांचा जीव लहान, श्वास भराभर, म्हणून ती आधी गुंगतात. पापपुण्याचा काही संबंध नाही. बाबा, तुम्ही निष्पाप ना? मग इथे झोपा."

श्वासबाबा हसले. "माझी साधना बसून असते."

तेवढ्यात दादा जिन्यावरून उतरला. त्याने श्वासबाबांना काखेत धरून ओट्यावरून खाली ओढलं आणि त्यांचं तोंड फरशीवर दाबलं.

"सोड. गॅस आहे इथे, म्हणून तर मी ओट्यावर बसतो. मरेन मी," श्वासबाबा धापा टाकत म्हणाले.

जिन्यावरच्या बायकांनी जोडलेले हात सोडले.

"तुम्हाला माहीत होतं," दादा म्हणाला. हात मात्र त्याने सैल केला नाही. आत्याने त्याची बोटं एकेक करून सोडवली, तेव्हा श्वासबाबांचे ओठ निळे पडायला लागले होते. दोघांना तिने बाहेर हवेत काढलं.

अंगणात दादाने विचारलं, "तिला त्रास झाला असेल?"

आत्याला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "आधी डोकं दुखतं. मग छाती फुटेल असा दम लागतो."

"ती म्हणाली होती मला, डोकं दुखतंय, वर घ्या. मी म्हटलं, पडून राहा, कृपा होतेय."

श्वासबाबांना पोलिसांनी नेलं. तळघर बंद झालं. पण पुढच्याच महिन्यात शेजारच्या गल्लीत नवा बाबा निघाला, आणि तिथेही गर्दी जमली. दादा आता रोज त्या दाराशी उभा असतो. लोक त्याला वेडा म्हणतात. कडेवर मूल घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला तो अडवतो आणि म्हणतो, "ताई, आधी मोजून घ्या. चमत्कार खरा असेल, तर मोजल्याने मरणार नाही. न मोजता ठेवलेलं मूल मरतं. मी ठेवलं होतं."