नैवेद्याची कुल्फी का गोठली नाही

यंदा गणपतीला कॉफी कुल्फीचा नैवेद्य, ही टूम स्मृतीच्या आईची. काल सर्दीनं नाक चोंदलेलं असतानाही तिनं साचे भरून फ्रीजरमध्ये ठेवले. आज आरती तोंडावर आली आणि साच्यांतून निघालं काय, तर तपकिरी सार!

आईचा पारा चढला तो थेट रम्याअक्कावर. स्मृती फ्रॉकात होती तेव्हापासून अक्का घरी कामाला. कालचं दूधही तिनंच आटवलं होतं.

"अर्धं दूध घरी नेलंस आणि वर पाणी ओतलंस! उद्यापासून येऊ नकोस."

"इल्ल अम्मा, देवाशपथ नाही..." अक्कानं पदर डोळ्यांना लावला.

अण्णा, म्हणजे स्मृतीचे वडील, सोवळं नेसून दाराच्या तोरणाकडे असे बघत होते, जणू ते आत्ताच उगवलंय.

स्मृतीच्या अंगाचा तिळपापड झाला. "आई, काहीही काय बोलतेस! पाणी घातलं असतं तर कुल्फीचा दगड झाला असता, बत्त्यानं फोडावी लागली असती! पाणी शून्याला गोठतं. शेजारचा बर्फ बघ, कसा टणक झालाय."

"मोठी आली शास्त्रज्ञ! नववीत काय गेली..."

"हे चौथीतलं आहे! यात न गोठणारं काहीतरी पडलंय. तू चाखलीस?"

"नैवेद्याच्या आधी? देवाला उष्टं?"

"आता कुठं दाखवणारेस हे देवाला?" म्हणत स्मृतीनं बोट बुडवून चाटलं. घसा चरचरला. "कॉफीचं डिकॉक्शन कुठल्या बाटलीतलं घेतलंस?"

"फ्रीजमधली मागची. सगळी ओतली."

स्मृतीनं रिकामी बाटली हुंगली आणि गर्रकन वळली. "अल्कोहोल गोठायला उणे एकशे चौदा लागतं, आपला फ्रीजर उणे अठरावरच दमतो. अण्णा, तुम्ही सांगता की मी सांगू?"

"स्वल्प रम होती," अण्णा पुटपुटले. "पाहुण्यांना दिसू नये म्हणून त्या बाटलीत..."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं! अक्का रडतेय आणि तुम्ही तोरण बघताय?"

मग आईनं अण्णांना असं झाडलं की सोवळं आवरणं मुश्कील झालं. गूळखोबऱ्याची वाटी भरली, निरांजन लागलं. जाता जाता आई म्हणाली, "रम्या, उद्या जरा लवकर ये ग, भांडी फार आहेत."

बस्स? एवढंच? स्मृतीनं देवापुढची घंटाच उचलली आणि पाठीमागं धरली.

"स्मृती, दे इकडे. मुहूर्त टळतोय."

"टळू दे. चोर म्हणालीस ते सगळ्यांसमोर. आता चुकलं म्हण, तेही सगळ्यांसमोर. अण्णा, तुम्हीसुद्धा!"

आईनं अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी पायांकडे.

"चुकलं माझं, रम्या," आई अखेर म्हणाली.

"माझंही," अण्णा म्हणाले.

रम्याअक्कानं पदरानं डोळे पुसले. "सरी अम्मा, ठीक आहे. पण उद्या नाही येणार. परवा येते."

दुसऱ्या दिवशी भांडी अण्णांनी घासली. स्मृतीनं एक वाटीसुद्धा पुसून दिली नाही.