गायीने मनाला लावून घेतलं

दवाखान्यातून फोन आला तेव्हा त्याचे दोन्ही हात वासराच्या पायांना बांधलेल्या दोरीवर होते. मेहुणीने फोन घेतला, ऐकला, खिशात टाकला आणि दोरीचं दुसरं टोक धरलं. वासरू बाहेर पडेपर्यंत ती काही बोलली नाही.

"भावोजी," मग ती म्हणाली, "ताई गेली."

नंतर घर माणसांनी भरलं. तो कोपऱ्यात मुकाट बसे. काय बोलावं हे आलेल्यांनाही सुचत नसे. मग जो तो उठून गोठ्यात गायीकडे जाई.

आणि गायीने खाणं सोडलं. दूध आटलं, बरगड्या दिसू लागल्या.

"हिनंही मनाला लावून घेतलंय," तो म्हणाला. घरात आपल्यासारखं आणखी कुणीतरी आहे, एवढाच काय तो त्याला आधार होता. पण तीही जाईल, या धास्तीने त्याने गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

बाईंनी तपासायची नळी गायीच्या डाव्या कुशीवर टेकवली, तिची टोकं त्याच्या कानात घातली आणि कुशीवर टिचकी मारली. रिकाम्या पिंपावर मारावं तसा आवाज आला. टण्ण!

"हिच्या चार पोटांतलं चौथं वायूने फुगून डावीकडे वर चढलंय. व्याल्यावर आत जागा झाली, त्यात खुराक जास्त. कोण घालतं?"

"मीच. मापात घालतो."

मेहुणीने मान खाली घातली. "मीही घालायचे. जाता-येता."

"मीपण थोडा," शेजारचा सुतार पुटपुटला. "सगळेच घालत होते."

"म्हणजे समाचाराला आलेला प्रत्येक जण चारून गेला!" बाईंना हसू आवरेना. "काका, हिला दुःखबिःख काही नाही. अजीर्ण झालंय."

त्याचा चेहरा उतरला. मग तो एकदम असा खदखदून हसला की मेहुणी दचकली.

दोर लावून गायीला आडवं पाडलं, उताणं केलं, झुलवलं.

"सुतारदादा, पाय धरा घट्ट!"

"बाई, माझ्या टेबलांना लाथा मारता येत नाहीत हो!"

पोट जागेवर सरकलं. गाय उठली, नेमकी सुताराच्या अंगावर शेणली आणि तिने गवताला तोंड लावलं.

"आता फक्त वाळलं गवत," बाई म्हणाल्या. "गोठ्यात कुणालाही सोडू नका. परत चढलं तर पोट फाडावं लागेल."

उद्याही माणसं येणार होती. त्यांना गोठ्यात जाऊ द्यायचं नाही, म्हणजे समोर बसवून बोलावं लागणार होतं. बायकोविषयी तो अजून कुणाशी एक शब्दही बोलला नव्हता.